आधी कुणाचं दळण होतं?

नववीच्या वर्गात फळ्यावर 'पी ऑफ एक्स' लिहिलं, की वर्गात ताबडतोब तीन पक्ष स्थापन होतात. पहिला पक्ष बहुमतातला. त्याचं म्हणणं असं, की पी आणि एक्स शेजारी शेजारी आलेत, मधे कंस आहे, तेव्हा हा सरळसरळ गुणाकार आहे. बाई उगाच लपवताहेत. यात त्यांची चूक नाही. कंसाला चिकटून काहीही दिसलं की गुणायचं, हे आठवीपर्यंत आम्हीच त्यांच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवलेलं असतं. दुसरा पक्ष व्यवहारी. दोन्ही बाजूंना एक्स दिसतोय तर तो उडवता येईल का, एवढीच त्याची चौकशी असते. या पक्षाचं सगळं गणित उडवण्यावर चालतं. तिसरा पक्ष फळ्यावरचं जसंच्या तसं वहीत उतरवतो, खाली पट्टीनं दोन रेघा मारतो आणि मधल्या सुट्टीची वाट बघतो. अक्षर मात्र याच पक्षाचं सगळ्यात चांगलं.

हा 'पी ऑफ एक्स' म्हणजे खरं तर फलन, इंग्रजीत फंक्शन. ही काय चीज आहे, हे राज्य मंडळाचं पुस्तक अकरावीत सांगतं. तिथे ते संच आणि संबंध या दोन भालदार-चोपदारांना पुढे घालून, व्याख्येच्या झुलीसकट येतं. पण त्याआधी दोन-तीन वर्षं ते वर्गात वेष पालटून हिंडतच असतं. आठवीत 'चलन' नावाच्या धड्यात डोकावतं. वह्या वाढल्या की पैसे वाढतात, मजूर वाढले की दिवस कमी होतात. नववीत बहुपदीच्या प्रकरणात येतं, 'एक्स बरोबर २ असताना किंमत काढा' म्हणतं, आणि पोरं किंमत काढून मोकळी होतात. कशाची किंमत काढली, हे विचारायच्या फंदात कुणी पडत नाही. मला हा लपंडाव पसंत नाही. म्हणून कुणा सरांची रजा पडली आणि ऑफ तास माझ्या गळ्यात आला, की मी नववीला फलन उघडउघड शिकवते.

आमचे विज्ञानाचे सर यावर म्हणतात, "बाई, सूत्र द्या, किंमती घालायला लावा आणि मोकळ्या व्हा." मी त्यांना एकदम खोडून काढत नाही, कारण १७४८ साली खुद्द ऑयलरचं मत हेच होतं. फलन म्हणजे सूत्र, असं त्यानं ग्रंथात लिहून ठेवलंय. पण या विषयाचा इतिहास वाचला की आपल्या वर्गाबद्दल फार आपुलकी वाटायला लागते. फलन हा शब्द लायब्निट्सनं १६७३ च्या एका हस्तलिखितात वापरला, तो वक्ररेषांच्या संदर्भात. १७१८ मधे योहान बर्नोलीनं व्याख्या करून पाहिली. १७३४ मधे ऑयलरनं ती कंसवाली खूण आणली, म्हणजे माझ्या वर्गातल्या पक्षीय राजकारणाचा मूळ पुरुष तोच. मग १७४७ मधे दालाँबेर नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं थरथरणाऱ्या तारेचं गणित मांडलं आणि पुढे भांडण जुंपलं. तंबोऱ्याची तार मधोमध चिमटीत धरून ओढली, की दोन सरळ तुकडे होतात आणि मधे एक कोपरा. आता या आकाराला एकच एक सूत्र कुठून आणायचं? मग हे फलन म्हणायचं की नाही? दालाँबेर म्हणाला, नाही. ऑयलर म्हणाला, म्हणायचं. म्हणजे स्वतःच्याच ग्रंथाच्या विरोधात गेला. १७५३ मधे योहानचा मुलगा दानिएल तिसराच सूर लावून मधे पडला. तार कधीच थांबली असेल, ही मंडळी काही थांबेनात.

शेवटी १८३७ मधे डिरिक्लेनं सांगून टाकलं, की सूत्र असो नाहीतर नसो, प्रत्येक एक्सला एक आणि एकच ठरलेला वाय मिळाला की झालं. आज पुस्तकात जी संचांची भाषा दिसते, ती १९३९ मधे निकोला बूरबाकीनं पक्की केली. आणि गंमत अशी, की बूरबाकी नावाचा माणूसच नव्हता. फ्रेंच गणितज्ञांच्या एका टोळक्यानं घेतलेलं ते टोपणनाव. आता ज्या गोष्टीची पक्की व्याख्या अस्तित्वातच नसलेल्या माणसानं केली, ती ऐकून माझ्या वर्गातला एखादा "बाई, हे काही पटत नाही" म्हणाला, तर मी त्याला कोणत्या तोंडानं रागवू? १६७३ ते १९३९ म्हणजे २६६ वर्षं. आमची तासिका ३५ मिनिटांची. त्यातली पाच हजेरीत जातात आणि दोन खडू शोधण्यात.

तर जगभरच्या पुस्तकांत या ठिकाणी एका यंत्राचं चित्र असतं. वर नरसाळं, मधे खोका, खाली तोटी. वरून ३ टाकला की खालून ७ पडतो. यंत्र म्हटलं की आपल्याकडचा शिक्षक आपोआप पिठाच्या गिरणीकडे वळतो. मीही वळले. वरून गहू टाका, खालून गव्हाचं पीठ. वरून ज्वारी टाका, खालून ज्वारीचं पीठ. जे टाकाल त्याचंच मिळणार, आणि दर वेळी तेच मिळणार. सगळा वर्ग माना डोलावत होता. सगळा वर्ग एकदम माना डोलवायला लागला, की अनुभवी शिक्षकानं सावध व्हावं.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, पण आमच्या आधी कुणाचं दळण होतं, त्यावर आहे ना ते?"

झालं. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या हातात सुट्टीच्या दिवशी दळणाचा डबा असतो, त्यामुळे हा विषय त्यांचा होता, माझा नव्हता. आधी बाजरी झालेली असेल तर गव्हाचं पहिलं पीठ काळपट येतं, असं ती म्हणाली. तिची आई म्हणे बजावूनच पाठवते, गव्हावर गहू असेल तरच टाक, नाहीतर डबा ठेव आणि थांब. दुसऱ्यानं सांगितलं की हरभऱ्याच्या डाळीवर गहू पडले, तर पोळीला बेसनाचा वास मारतो आणि बाबा जेवताना काही बोलत नाहीत, पण त्यांचं तोंड बोलतं. एकाची आजी उपासाच्या भाजणीसाठी राजगिरा आणि भगर घेऊन जाते, तेव्हा आधी गिरणी फडक्यानं पुसून घ्यायला लावते, मग स्वतः आत वाकून बघते, आणि तरीही घरी येऊन ते पीठ देवाला चालेल की नाही याबद्दल साशंक असते. मागच्या बाकावरून बातमी आली, की त्यांच्या गल्लीत याच कारणावरून दोन घरांचं बोलणं बंद आहे.

मी खडू खाली ठेवला. त्या मुलीनं एका वाक्यात गिरणीची फलनगिरी संपवली होती. गिरणीला आठवण असते. फलनाला आठवण नसते. ३ आत्ता टाका, दिवाळीनंतर टाका, ५ च्या आधी टाका की मागून टाका, खाली ७ च पडणार. आपल्या आधी रांगेत कोण होतं याच्याशी फलनाला काही देणंघेणं नाही. मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं. गिरणी फलन नाही."

"मग बाई, तुम्ही उदाहरण कशाला दिलंत?" हा प्रश्न नेहमीप्रमाणे पहिल्या बाकावरून आला.

उत्तर देण्याच्या आत खिडकीजवळचा एक मुलगा, जो एरवी खिडकीबाहेरच राहायला असतो, तो म्हणाला, "बाई, आधीचं दळण आणि आत्ताचं दळण, दोन्ही मिळून एक्स धरला तर?" म्हणजे (बाजरी, गहू) अशी जोडी टाकायची, काळपट पीठ मिळेल. (गहू, गहू) टाकायची, पांढरं मिळेल. (डाळ, गहू) टाकली की बाबांचं तोंड. जोडी ठरली की पीठ ठरलं. फलन पुन्हा जिवंत झालं! दोन चलांचं फलन ही गोष्ट कॉलेजात जाऊन शिकायची असते, असा माझा समज होता. ती गिरणीच्या रांगेत उभ्या उभ्या येत असेल तर माझी काही तक्रार नाही.

गिरणीचा मग आम्ही पुरता फडशा पाडला. 'येथे मिरची दळून मिळणार नाही' ही पाटी म्हणजे डोमेन, म्हणजे काय आत घ्यायचं त्याची हद्द, हे एकानं स्वतःहून सांगितलं. पिठावरून परत गहू करता येतील का? नाही, म्हणजे उलटं फलन नाही. आणि १० किलो टाकले तर १० किलो येतात का? यावर वर्गात एकमतानं हशा झाला. घट जाते. गिरणीवाले काका म्हणतात घट धान्याची, आई म्हणते घट गिरणीवाल्याची, आणि गणिताच्या दृष्टीनं या वादाला अर्थ नाही, कारण वजा तर दोन्हीकडून होतंच.

पुढच्या ऑफ तासाला मी एस.टी. काढली. एस.टी.चं भाडं हे फलन म्हणजे सोन्याची खाण आहे आणि आपण पोरांना ते न दाखवता थेट सरळ रेषा दाखवतो, याचं मला वाईट वाटतं. एस.टी.चा टप्पा ६ किलोमीटरचा. सातव्या किलोमीटरला उतरलात तरी दोन टप्प्यांचे पैसे. त्यामुळे आलेख सरळ चढत नाही, जिन्यासारखा चढतो. पण खरी बहार अंतरात नाही, वयात आहे. फळ्यावर आडवं वय घेतलं, उभं भाडं घेतलं आणि म्हटलं, एका मुलाचा जन्मापासूनचा आलेख काढा.

पाच वर्षांपर्यंत फुकट, म्हणून रेघ जमिनीला चिकटून. पाच ते बारा हाफ. बाराला एकदम उडी, फुल. तिथून रेघ जी आडवी जाते ती जातेच; नोकरी, लग्न, कर्ज, सगळं फुल तिकिटावर. पासष्टला धाडकन खाली, पुन्हा हाफ. आणि पंचाहत्तरला परत जमिनीवर, कारण ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एस.टी. फुकट आहे. माणसाचं सबंध आयुष्य पाच तुकड्यांत फळ्यावर आलं. मग मुलींनी मागणी केली, आता आमचा काढा. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. म्हणजे मुलीची रेघ पाचव्या वर्षी हाफवर चढते आणि पंचाहत्तरपर्यंत हलत नाही. दोन्ही आलेख एकाखाली एक आल्यावर मुलींच्या बाजूनं जो जल्लोष झाला, तो ऐकून शेजारच्या वर्गातल्या भूगोलाच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आलेख पाहिला, आपल्या रेघेवर नजर टाकली आणि समाधानानं परत गेल्या.

मुलं खवळलेलीच होती. त्यातल्या एकानं विचारलं, "बाई, बारा पूर्ण झाल्याच्या दिवशी काय? हाफ की फुल?" याला म्हणतात प्रश्न. आलेखात अशा जागी एक पोकळ टिंब आणि एक भरीव टिंब द्यायचं असतं. भरीव टिंब जिकडे, तिकडे निकाल. दोन्ही भरीव केली तर एका वयाला दोन भाडी होतील, आणि तिथे उभी रेघ मारली तर ती आलेखाला दोनदा छेदेल, फलन गेलं. पुस्तकात हे टिंब नियमानं ठरतं. आमच्या तालुक्याच्या स्टँडवर ते कंडक्टर आणि मुलाची आई यांच्यातल्या चर्चेतून ठरतं. बाराव्या वर्षावर दोन-दोन वर्षं मुक्काम केलेली मुलं माझ्या वर्गात आहेत. मिसरूड फुटलेला एक जण तर परवापर्यंत हाफ होता. तेव्हा पोकळ टिंब ही कल्पना त्यांना समजावून सांगावी लागली नाही, ती त्यांनी भोगलेली होती.

याच ओघात मी त्यांना मुंबईच्या रिक्षाचं जुनं मीटर सांगितलं. यांत्रिक मीटर होते तेव्हा मीटरवरचा आकडा म्हणजे भाडं नव्हे. तो आकडा रिक्षावाल्याकडच्या टॅरिफ कार्डावर शोधायचा आणि त्याच्यासमोरचे रुपये द्यायचे. अंतराचं मीटर, मीटरचे रुपये, म्हणजे फलनाच्या पोटात फलन. आजच्या पोरांना यात काही विशेष वाटत नाही, कारण त्यांना कार्डाच्या फाटक्या घडीवरचा आकडा रात्री अंधारात वाचायला लागलेला नाही. तो भाग मी लवकर आवरता घेतला.

फलन शिकवताना सगळ्यात चिवट अडचण कुठली म्हणाल, तर व्याख्या नव्हे. जगातलं प्रत्येक फलन सरळ रेषेतच चालतं, ही श्रद्धा. भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत त्रैराशिकाचं कौतुक करताना म्हटलंय, की हरीनं विश्व व्यापावं तसं त्रैराशिकानं सगळं गणित व्यापलंय. आमच्या पोरांनी ते शब्दशः घेतलं. दुप्पट टाकलं की दुप्पट मिळणार. म्हणून ए अधिक बी चा वर्ग म्हणजे ए वर्ग अधिक बी वर्ग, आणि मधला दोन ए बी दर परीक्षेत बेवारस मरतो. पालकही याच पंथाचे. सकाळची शिकवणी लावल्यावर मार्क ४५ चे ५५ झाले, तर संध्याकाळचीही लावली की ६५ होणार, हा हिशोब मांडूनच ते भेटायला येतात. त्या हिशोबानं पाच शिकवण्या लावल्या तर पोरगा ९५ वर जाईल, आणि सहा लावल्या तर बोर्डाला पेपरच मोठा काढावा लागेल.

व्यस्त प्रमाणातही तेच. एक मजूर दहा दिवसांत खड्डा खणतो, तर दहा मजूर एका दिवसात. मी म्हटलं, चला, थांबू नका, पुढे जा. रोज आठ तास काम धरलं तर दहा दिवसांचे झाले २,८८,००० सेकंद. म्हणजे २,८८,००० मजूर लावले तर खड्डा एका सेकंदात तयार. सूत्र बिनचूक, गुणाकार बिनचूक. वर्ग क्षणभर उत्तराकडे अभिमानानं बघत राहिला. मग एकानं विचारलं, हे सगळे उभे कुठे राहणार? दुसरा म्हणाला, "बाई, एवढी माणसं जमली तर खड्डा नाही होणार, सभा होईल." तिसऱ्यानं उलट्या दिशेनं सुरुवात केली. अर्धा मजूर लावला तर वीस दिवस. अर्धा मजूर म्हणजे? म्हणजे दुपारी जेवून झोपणारा. आणि शून्य मजूर? शून्यानं भागता येत नाही, हे पाठ असलेल्या मुलीनं तत्परतेनं सांगितलं, शून्य मजुरांना खड्डा पडणारच नाही.

"पडतो की," मागून आवाज आला. "आमच्या रस्त्यावर पडलाय."

डोमेन म्हणजे काय, हे यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. सूत्राला स्वतःला कुठे थांबायचं ते कळत नाही. त्याला अर्धा मजूर द्या, तीन लाख द्या, ते इमानेइतबारे उत्तर देत राहतं. कुठल्या किंमती आत घ्यायच्या हे आपण ठरवायचं. पुस्तकात डोमेनची ओळ व्याख्येच्या सुरुवातीलाच असते आणि तिच्यावरून सगळे उडी मारून पुढे जातात. माझ्या मते ती ओळ सभेच्या मागून यावी.

शेवटी मी त्यांना डिरिक्लेचं ते प्रसिद्ध फलन दाखवते. यातही माझा थोडा दुष्टपणा असतो. डिरिक्लेनं ते १८२९ मधे मांडलं. परिमेय संख्या टाकली की १ मिळणार, अपरिमेय टाकली की ०. बस, एवढंच. वास्तव संख्या नववीत झालेल्या असतात, त्यामुळे खेळ लगेच सुरू होतो. २ टाका, १. पाऊण टाका, १. २ चं वर्गमूळ टाका, ०. पाय टाका, ०. २२ भागिले ७ टाका...

"एक!" सगळे ओरडले, आणि दुसऱ्या क्षणी शांतता पसरली.

"बाई, पाय म्हणजेच २२ भागिले ७ ना?" पहिल्या बाकानं विचारलं. "मग एकाच संख्येला दोन उत्तरं आली. हे फलनच नाही." आता पाहा, व्याख्या पोरानं अशी अचूक वापरली होती की डिरिक्लेनं त्याला जवळ घेतलं असतं. फक्त पाय म्हणजे ३.१४१५९ आणि पुढे, २२ भागिले ७ म्हणजे ३.१४२८५ आणि पुढे. दशांशचिन्हानंतर तिसऱ्याच घरात दोघांची फारकत होते. हे फळ्यावर मांडल्यावर वर्गात फसवणूक झाल्याची लाट उसळली. पाय घ्या २२ भागिले ७, असं वर्षानुवर्षं प्रत्येक वर्तुळाखाली छापलेलं होतं. 'घ्या' म्हटलं होतं, 'आहे' म्हटलं नव्हतं, हा बचाव मी केला. त्यांनी तो वकिली म्हणून फेटाळला.

मग आलेख. कुठल्याही दोन परिमेय संख्यांमधे अपरिमेय सापडते, कुठल्याही दोन अपरिमेयांमधे परिमेय. म्हणजे रेघ क्षणोक्षणी १ वरून ० वर आणि ० वरून १ वर, श्वास घ्यायलाही न थांबता. एकानं सरळ दोन आडव्या रेघा मारल्या आणि म्हणाला, झाला. तिसऱ्या बाकावरच्या त्याच मुलीनं त्यावर उभी पट्टी धरून दाखवली, की तुझी रेघ दोनदा छेदतेय. दुसऱ्यानं ठिपके काढायला घेतले. वरती एक, खालती एक, वरती एक, खालती एक. घंटा व्हायला आली तरी तो शून्य आणि एकाच्या मधेच होता.

"बाई," त्यानं मान वर करून विचारलं, "याला पेन्सिल किती टोकदार लागेल?"

"टोकाला जाडी शून्य पाहिजे," मी म्हणाले. "पण तसं टोक मिळालं तरी काढलेलं दिसणार नाही."

"मग काढलाय असंच समजा ना बाई," तो म्हणाला, आणि आलेखाचा एक कोरा कागद त्यानं नाव-हजेरी क्रमांक घालून माझ्यासमोर ठेवला.